बेचाळिसावी सही

पेनरी बेटावर एल्ड्रेड मॅलकला नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची बायको व्हेस्टा. बाकी सगळे त्याला गव्हर्नर म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. "या गव्हर्नर, बसा," म्हणत ऑल्टा तिच्या दुकानातल्या शेगडीजवळचं खोकं पायानं पुढं सारायची, आणि एल्ड्रेडही असा ऐटीत बसायचा की जणू आत्ताच शपथ घेऊन आलाय.

गव्हर्नर का, तर त्याला अख्खा प्रांत उचलून अमेरिकेत नेऊन ठेवायचा होता.

"नकाशा बघा की, डोळे फुटले का सगळ्यांचे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. "बेट न्यू ब्रन्सविकचं, न्यू ब्रन्सविक कॅनडाचं. बरं. मग आपल्याच प्रांतातल्या सेंट जॉनला जायचं तर रस्ता कुठला? एकच पूल, आणि तो उतरतो हार्लोत. मेन राज्यात, अमेरिकेत! तासभर परदेशातून गाडी हाणा, मग पुन्हा सीमा, मग आपलं घर. स्वतःच्या माजघरातून स्वयंपाकघरात जायला शेजाऱ्याच्या अंगणातून जायचं, आणि शेजारी दर खेपेला विचारणार, कोण हो तुम्ही? हा काय संसार झाला?"

"फेरीबोट आहे की," हॅझन म्हणायचा.

"जून ते सप्टेंबर! बाकीचे आठ महिने माणसानं आजारी पडायचं नाही असा कायदा कर मग."

हा हॅझन म्हणजे एल्ड्रेडचा शेजारी, बालमित्र आणि रोजचा वैरी. दीपगृहावर त्यानं चाळीस वर्षं नोकरी केलेली. घरात येशूच्या तसबिरीला लागून इंग्लंडच्या राणीची तसबीर, आणि दोन्हींत राणीची काच जास्त पुसलेली. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेनं राजाविरुद्ध बंड केलं तेव्हा हॅझनचे पूर्वज राजाच्या बाजूनं उभे राहिले आणि घरदार सोडून इकडे पळाले. ती हकिकत तो अशी सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, याची पेटी अजून सोडायचीच आहे. "आम्ही त्या लोकांपासून जीव घेऊन पळालो, आणि हा शहाणा आम्हाला परत त्यांच्याच दारात नेऊन सोडतोय," असं म्हणून तो शेगडीत थुंकायचा, आणि ऑल्टा दोघांनाही झाडूनं बाहेर काढायची धमकी द्यायची. वीस वर्षं रोज सकाळी हेच चाललेलं. वीस वर्षांत कुणाचं मत तसूभर हललं नाही.

आता एल्ड्रेडला हे वेड लागलं कुठून? तर जन्मापासून. मॅलकांच्या घरात आठ पोरं. त्या काळी पूल नव्हता, पण डॉक्टर आणि दवाखाना पलीकडे हार्लोतच. दिवस भरले की बेटावरच्या बाया होडीत बसून पलीकडे जायच्या आणि पंधरा दिवसांनी बाळ घेऊन परत यायच्या. एल्ड्रेडची सातही भावंडं अशी हार्लोत जन्मली, म्हणजे जन्मतःच अमेरिकन. एल्ड्रेडच्या वेळी मात्र धुकं उतरलं. सलग तीन दिवस, हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं. होडी काढायची कुणाची छाती झाली नाही, आणि तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर जन्मला. सात अमेरिकनांत एक कॅनेडियन. मोठी झाली तशी ती सातजणं एकेक करून पलीकडे गेली, बॉस्टनला, पोर्टलंडला, पार कॅलिफोर्नियापर्यंत, आणि हा बापाचा माशांचा कोंडवाडा सांभाळत इथंच राहिला.

कोंडवाडा म्हणजे उथळ समुद्रात गोल खांब रोवायचे, त्यांना जाळं बांधायचं, एक तोंड उघडं ठेवायचं. हेरिंग माशांचा थवा आत शिरतो आणि गोल गोल फिरत राहतो, त्याला बाहेरचा रस्ता काही सापडत नाही. आमच्याकडे प्रत्येक कोंडवाड्याला नाव असतं. मॅलकांच्या कोंडवाड्याचं नाव होतं 'पुन्हा बघू'. त्या नावावरून काय समजायचं ते समजा.

मासे पकडायचे बेटानं आणि डबे भरायचे हार्लोनं. तिथं कोवळी हेरिंग सार्डिन म्हणून डब्यात भरणारे पाच कारखाने होते, प्रत्येकाचा भोंगा निराळा. मासळी आली की भोंगा व्हायचा, आणि बाया आपापला भोंगा ओळखून हातातलं काम टाकून धावायच्या. त्यातल्या एका कारखान्यात व्हेस्टा कात्रीनं माशांची डोकी उडवायची. बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, मिनिटाला तीस मासे, आणि तोंड कात्रीच्याही पुढं. एल्ड्रेड होडी लावायला गेला की ती वरून ओरडायची, "ए पेनरी, मासे आणलेस की नुसते खवले?" दोन वर्षं असं ऐकून घेतल्यावर त्यानं लग्नाचं विचारलं. ती हार्लोची, जन्मानं अमेरिकन; लग्न करून बेटावर आली ती आलीच.

म्हणूनच गंमत अशी की अख्ख्या बेटावर त्याच्या वेडाला सगळ्यात जास्त विरोध त्याच्याच घरात होता.

"मी तिकडून उठून इकडे आले," ती म्हणायची, "आणि तू निघालायस सगळं गावच तिकडे न्यायला. माझ्या बापाला बघितलंय मी तिथल्या दवाखान्यात. तिथं आधी खिसा तपासतात, मग नाडी. नको मला. मी इथंच बरी."

"पण रस्ता, व्हेस्टा. रस्त्याचं काय?"

"रस्त्याचं काय? पंचेचाळीस वर्षं जातोय आपण त्या रस्त्यानं. कुणी अडवलं?"

हेही खरंच होतं. कुणी अडवलं नव्हतं. पुलावरच्या अमेरिकेच्या चौकीत हार्लोचेच लोक असायचे. गाडी हळू व्हायची, खिडकी खाली यायची, "कुठले?" विचारायचे, आणि गाडी चालवणारा सगळ्यांच्या वतीनं म्हणायचा, "सगळे इथलेच." मॅलकांच्या गाडीत एल्ड्रेडची भावंडं असायची, मागं व्हेस्टा असायची, त्यात कोण कुठल्या कागदावर जन्मलंय ते कोण बघतंय? 'इथलेच' म्हणजे पूल, पाणी आणि दोन्ही काठ असंच सगळ्यांना समजायचं. डार्लीन तर घरचीच. व्हेस्टाच्या शेजारी बसून कात्री चालवणाऱ्या बाईची ती मुलगी. एल्ड्रेडनं धुरी दिलेली हेरिंग खाऊन मोठी झाली आणि पुढं त्याच चौकीत गणवेश घालून उभी राहिली. ती काही न विचारता हात हलवायची. "काका, ब्रेड आणायला निघालात?"

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात क्वेबेक प्रांतानं मत घेतलं, कॅनडात राहायचं की वेगळं व्हायचं. केसभराच्या फरकानं राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑल्टाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एल्ड्रेड खोक्यावर बसला नव्हता, खोक्यावर उभा होता.

"आज राहिले, उद्या जातील! मग? मधला तुकडाच गेला तर आपण चार प्रांत इकडे समुद्रात लोंबकळत राहणार. तिकडे राजधानीत, ओटावात, कुणाला आपली आठवण तरी येते का? आपणहून दार ठोठवायचं की कुणी फरफटत न्यायची वाट बघायची, तेवढं सांगा!"

त्यानं अर्ज लिहिला. 'आम्ही खाली सह्या करणारे पेनरी बेटाचे रहिवासी' असा. महिनाभर दारोदार हिंडला. एक्केचाळीस सह्या मिळाल्या. त्यातल्या दहा तरी त्याला लवकर दारातून घालवावं म्हणून केलेल्या. व्हेस्टानं सही केली नाही. हॅझननं पेन हातात घेतलं, त्याचं टोपण लावलं आणि परत दिलं. मूळ कागद राजधानीला गेला, तिकडून दोन ओळींचे आभार आले, आणि नक्कल ऑल्टानं शेगडीशेजारच्या भिंतीला खिळ्यानं अडकवली. धुरानं ती पिवळी पडत गेली.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत व्हेस्टाच्या पोटात दुखायला लागलं. तिनं ते महिनाभर लपवलं, कारण बर्फ होतं आणि तिला एल्ड्रेडला गाडी चालवायला लावायचं नव्हतं. शेवटी रुग्णवाहिकेनं पूल ओलांडून, मेनमधून, पुन्हा सीमा ओलांडून तिला सेंट जॉनला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. आता दिवस मोजायचे, ते म्हणाले. तीन आठवडे, फार तर चार.

एल्ड्रेड एक दिवसाआड जायला लागला. सत्तर वर्षांचा माणूस, डोळे अधू, म्हणून हॅझन गाडी चालवायचा. रस्त्यानं जाताना दोघं भांडायचे. न भांडता बसले असते तर त्या गाडीत रडू आलं असतं, हे दोघांनाही कळत होतं.

फेब्रुवारीच्या बाराव्या तारखेला, गुरुवारी, चौकीत डार्लीन नव्हती. नवा माणूस होता, दक्षिणेकडून, पार टेक्सासकडून बदलून आलेला. थंडीनं त्याचे कान लाल झाले होते. त्यानं खाली वाकून विचारलं, "नागरिकत्व?"

"कॅनेडियन," हॅझन म्हणाला, आणि त्याला राहवलं नाही, "राणीसाहेबांची प्रजा."

झालं. आता एल्ड्रेड गप्प बसतोय होय? सकाळपासून हॅझन त्याला राणीवरून डिवचत होता. तो पुढं झुकला आणि ठसक्यात म्हणाला, "अमेरिकन. जन्मापासून."

हॅझन खो खो हसला. तो नवा माणूस हसला नाही. "तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात?" त्यानं पुन्हा विचारलं.

तिथं 'नाही हो, थट्टा केली' एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण एल्ड्रेड म्हणजे एल्ड्रेड. परक्या माणसानं परक्या आवाजात विचारलं म्हणताच त्याची मान ताठ झाली. "माझी सात भावंडं या गावात जन्मली, बायको या गावची. मीही इथलाच. हवं तर पुलाला विचार!"

त्याला आत नेलं. कागद मागितले, बेटावरचा कुठला माणूस ब्रेड आणायला जाताना जन्माचा दाखला खिशात घेऊन फिरतो? मग यंत्रावर नाव शोधलं. मग वरच्या साहेबाला फोन. तीन तास गेले. शेवटी दोन पानं पुढं आली आणि सही करा म्हणाले. एल्ड्रेडचा चष्मा परवा व्हेस्टाच्या खाटेशेजारी खिडकीत राहिला होता. त्याला वाटलं, दंडबिंड असेल. तिकडं दवाखान्यात भेटायची वेळ टळत होती. त्यानं न वाचता सही केली.

बाहेर येऊन तो गाडीत बसायला निघाला तर त्या माणसानं हात आडवा घातला. "हे जाऊ शकतात," हॅझनकडे बघून तो म्हणाला. "तुम्ही परत मागं."

राणीचा माणूस पुढं आणि अमेरिकेचा गव्हर्नर मागं. हॅझननं त्या माणसाला शिव्या घातल्या, पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. एल्ड्रेडनंच त्याला गाडीत ढकललं. "तू जा. ती वाट बघत असेल. माझा चष्मा आण. आणि तिला सांग..."  तो एकटाच पूल चालत परत आला.

चष्मा संध्याकाळी आला. ऑल्टाच्या दुकानातल्या दिव्याखाली एल्ड्रेडनं कागद वाचला. खोटं बोलून स्वतःला अमेरिकेचा नागरिक म्हणवल्याबद्दल या माणसाला अमेरिकेत प्रवेश बंद. किती दिवस, ते शोधत त्याचं बोट खाली खाली गेलं. दिवस नव्हतेच. आयुष्यभर, असं होतं.

"असा कायदा कधी झाला?" ऑल्टानं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डार्लीन कामावर आली. एल्ड्रेड पुलाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, त्याच्या पुढं जायची त्याला आता सोय नव्हती. ती धावत आली आणि गणवेशातच रडायला लागली.

"काका, काय हो हे बोलून बसलात! चोरी केली असती, दारू पळवली असती, तरी मी काहीतरी करू शकले असते. हे एकच बोलायचं नव्हतं. दीड वर्षापूर्वीचा कायदा आहे, याच्यातून कुणाला सोडवता येत नाही."

"मला काय राहायचंय तिकडं? नुसतं तुझ्या रस्त्यानं जायचंय गं. हवं तर तुम्ही बेड्या घालून न्या. सीमेपर्यंत न्या आणि पलीकडे ढकलून द्या."

"मी फोन करते. वरपर्यंत करते."

तिनं केलेही. शुक्रवारी साहेब जागेवर नव्हता. शनिवार, रविवार सुट्टी. सोमवारी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावानं सुट्टी. मंगळवारी उत्तर आलं की माफीचा अर्ज करता येईल, अर्जाचा नमुना टपालानं येईल, निकालाला सहा महिने धरा. डार्लीननं हे सांगितलं तेव्हा तिला मान वर करता येईना. दोष तिचा नव्हता. पण त्या दिवशी एल्ड्रेडला तिचं तोंड बघवलं नाही, हेही खोटं नाही.

उरली बोट. एल्ड्रेडनं आपली बोट तीन वर्षांपूर्वीच विकली होती. हॅझनचा पुतण्या वेंडेल हिवाळ्यात शिंपले काढायला जायचा, तो म्हणाला, "काका, अर्ध्या शब्दाची खोटी, मी नेतो." पलीकडच्या, कॅनडाच्याच बंदरापर्यंत दोन तास, तिथून सेंट जॉन गाडीनं तास. पण शुक्रवारीच वारा वायव्येला फिरला होता. पाण्याचा तुषार बोटीवर पडला की जागच्या जागी बर्फ. तासाभरात बोट वजनानंच उलटायची. वेंडेलनं एकदा प्रयत्न केला, खडकाच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. एल्ड्रेड खाली आत बसून होता. वेंडेल म्हणाला, "मला दोन पोरं आहेत हो." एल्ड्रेडनं मान हलवली.

रोज संध्याकाळी तो ऑल्टाच्या दुकानातून फोन करायचा, कारण घरात बसवत नव्हतं. पहिल्याच दिवशी व्हेस्टानं विचारलं, "हॅझन सांगतो ते खरं का?"

"हो."

"काय म्हणालास त्याला?"

"अमेरिकन म्हणालो."

 पलीकडून खोकला, की हसू, कोण जाणे. "मी अमेरिकन आहे, एल्ड्रेड. जन्मात कधी कुणाला ठणकावून सांगावं लागलं नाही मला. आणि तू!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणाला! लिहून घ्या रे कुणीतरी. पन्नास वर्षांत पहिल्यांदा."

दुकानातल्या माणसांनी खाली बघितलं. ऑल्टा उगाचच डबे लावत बसली.

तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला होता. "एल्ड्रेड, ये ना रे. मला इथं एकटीला नाही मरायचं."

"येतो. वारा पडला की येतो."

"वारा असला तर येऊ नकोस. ऐकतोयस ना? बेनीसारखं नको." बेनी तिचा भाऊ, असाच फेब्रुवारीत बुडालेला. "वचन दे."

त्यानं वचन दिलं. ये म्हणते आणि येऊ नको म्हणते, दोन्ही एका दमात. आणि दोन्ही खरं. त्या रात्री घरी गेल्यावर त्यानं पुलाकडची खिडकी घोंगडं लावून बंद केली. पलीकडचा रस्ता तिथून दिसायचा. गाड्या जायच्या. बेटावरची शेंबडी पोरंसुद्धा आईबापांबरोबर दात दाखवायला, पिझ्झा खायला त्या रस्त्यानं जात होती.

हॅझन मात्र रोज जायचा. सकाळी निघायचा, रात्री यायचा. व्हेस्टानं काय खाल्लं, काय म्हणाली, सगळं सांगायचा. "तुझा मोजा विणतेय, एकच झालाय," म्हणाला एकदा. पुढच्या खेपेला मोजा घेऊनच आला, टाचेपर्यंत विणलेला. शुक्रवारी, विसाव्या तारखेला, फोन नर्सनं तिच्या कानाशी धरला. एल्ड्रेड बोलत राहिला, कोंडवाड्याबद्दल, खांब बर्फानं वाकलेत त्याबद्दल, भोंगे कसे व्हायचे त्याबद्दल. तिकडून काही आलं नाही. नर्स म्हणाली, "ऐकताहेत त्या."

शनिवारी पहाटे वारा पडला. एल्ड्रेड दारातच बसला होता, त्याला आधी कळलं. वेंडेलनं बोट काढली. हॅझन त्याआधीच गाडी घेऊन पुलावरून निघाला, मेनमधून फिरून पलीकडच्या बंदरावर गाडी तयार ठेवायला. समुद्रावर थंडीची वाफ उठली होती. एल्ड्रेड सगळा वेळ बोटीच्या तोंडाशी उभा राहिला. वेंडेल आत या म्हणाला, तर म्हणाला, "इथून आधी पोचतो."

धक्क्यावर हॅझन उभा होता आणि त्याची टोपी हातात होती. उणे अठरात टोपी काढणारा माणूस नव्हे तो. एल्ड्रेडला बोटीतूनच कळलं. त्यानं दोर फेकला, नीट बांधला, गाठ ओढून बघितली आणि मगच वर चढला.

"कधी?"

"सात वाजायला वीस मिनिटं होती. इथल्या ऑफिसातून दवाखान्यात फोन केला मी."

त्या वेळी ते अर्ध्या वाटेवर होते.

दवाखान्यात तो चार तास तिच्याजवळ बसला. मग बंदरावर परतला, कारण त्याला परतायलाही तोच एक रस्ता होता, आणि रविवारी वारा पुन्हा सुटणार होता. व्हेस्टाला मात्र तसं नव्हतं. ती पुलावरून येणार होती. तिची इच्छा होती, 'पुन्हा बघू'च्या वरच्या टेकडीवर, बेटावरच.

सोमवारी दुपारी एल्ड्रेड आपल्याकडच्या, कॅनडाच्या चौकीजवळ जाऊन उभा राहिला. त्या पलीकडे जायचं नाही हे आता पायांनाही कळलं होतं. डार्लीननं तिच्याकडचं फाटक आधीच उघडून ठेवलं होतं आणि टोपी काढून बर्फात उभी होती. शववाहिका कुठं न थांबता अमेरिका ओलांडून पूल चढली आणि आपल्या चौकीशी थांबली. तिथला माणूस आपल्या बेटाचाच, पण वीस वर्षं तोंडात बसलेलं सुटतं थोडंच? ड्रायव्हरनं कागद दिले. त्यानं 'जन्म: हार्लो, मेन. नागरिकत्व: अमेरिकन' एवढं वाचलं आणि प्रत्येक अमेरिकन पाहुण्याला विचारतो तसं विचारून बसला, "मुक्काम किती दिवस?"

विचारलं आणि तो पांढराफटक पडला. ड्रायव्हर खाली बघायला लागला.

"राहणार आहे ती आता," एल्ड्रेड म्हणाला. "जाऊ दे गाडी."

जमीन गोठलेली होती. एप्रिलपर्यंत तिला चर्चमागच्या दगडी खोलीत ठेवलं. रोज सकाळी एल्ड्रेड त्या दाराशी जाऊन यायचा आणि मग दुकानात. कुणी गव्हर्नर म्हणत नव्हतं. खोक्यावर बसायचा, हात शेगडीकडे करायचा. हॅझन समोर. त्यानं दोन-तीनदा राणीचा विषय काढला, मुद्दाम वाकडं बोलला. एल्ड्रेड नुसता हुं म्हणायचा.

एप्रिलमध्ये माती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅझन दुकानात आला तो बसलाच नाही. "ऑल्टा, पेन दे."

तिनं दिलं. तो शेगडीजवळच्या भिंतीशी गेला, पिवळा पडलेला कागद खिळ्यासकट उपटला, टेबलावर सपाट केला आणि एक्केचाळीस सह्यांच्या खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, दीपगृहाच्या वहीत लिहायचा तसं मोठं, सुवाच्य.  आयुष्यात त्यानं इतकं कठीण काही लिहिलं नसावं.

"हे घे," कागद एल्ड्रेडच्या मांडीवर ठेवून तो म्हणाला. "न्या तुमचा प्रांत. ते फाटक एकदाचं समुद्रात जाऊ दे. राणीला काय सांगायचं ते मी सांगेन."

एल्ड्रेडनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. बेचाळिसावी सही त्यानं दोनदा वाचली. मग कागदाची घडी घालून हॅझनच्या हातात परत दिली.

"आता कशाला रे?" तो म्हणाला. "आता मला पलीकडे जायचंय कुठं?"